गेमच्या संगीताचा मोबदला: मिनिटं नव्हे, काम मोजा

स्वतंत्र (इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीविना छोट्या गटाने केलेल्या) गेमसाठी संगीत करणाऱ्याला पहिल्याच बोलण्यात विचारलं जातं, "मिनिटाला किती घेता?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, त्याला बजेटच्या तक्त्यात एक आकडा भरायचा असतो. पण इथे पटकन आकडा सांगितला की पुढचे कित्येक महिने आतबट्ट्याचा व्यवहार होतो. गेममध्ये ऐकू येणारी मिनिटं आणि त्यामागचं काम यांचा मेळ क्वचितच बसतो. म्हणून आधी काम मोजायचं, त्याचे तास काढायचे, तासांवरून रक्कम ठरवायची. समोरच्याला मिनिटाचा दर हवाच असेल तर तो सगळ्यात शेवटी, भागाकार करून द्यायचा.

तासाचा दर कसा काढायचा

वर्षाचे आठवडे ५२. आजारपण आणि सुट्ट्यांचे ६ वजा केले की ४६ उरतात. आठवड्याला ४० तास बसलात तरी त्यातले निम्मे मेल, डेमो, हिशेब आणि नवं काम शोधण्यात जातात. बिलात लावता येतील असे तास २० धरा, म्हणजे वर्षाला ९२०. घरखर्च, कर, विमा, साधनांची झीज, सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संच) आणि प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायची साधनं), शिवाय काम नसलेल्या महिन्यांसाठीची शिल्लक, या सगळ्याची वर्षाची बेरीज ९२० ने भागा. नोकरदाराप्रमाणे २,००० तासांनी भागलंत तर उत्तर निम्म्याहून कमी येतं. ही चूक वर्षभर लक्षात येत नाही, कारण काम भरपूर चाललेलं असतं. फक्त पैसे उरत नाहीत.

दोन मिनिटांचा एक लूप

समजा, एका लेव्हलसाठी दोन मिनिटांचा लूप, म्हणजे सांधा न जाणवता पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, करायचा आहे. गेमचा बिल्ड (तोवर तयार झालेली आवृत्ती) खेळून बघणं आणि संदर्भाचं संगीत ऐकणं १ तास. कच्चा आराखडा ३ तास. वाद्यरचना आणि प्रोग्रॅमिंग ५ तास. एक खरं वाद्य वाजवून घेतलं तर त्याचं रेकॉर्डिंग आणि संपादन दीड तास. मिक्स अडीच तास. लूपचा सांधा आणि इंजिनमधली (गेम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यातली) तपासणी १ तास. दुरुस्त्या २ तास. एकूण १६, म्हणजे तयार मिनिटाला ८ तास. हे प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं. दोन-तीन कामांवर घड्याळ लावून स्वतःचं प्रमाण काढा, अंदाजावर विसंबू नका.

यातला सांध्याचा एक तास बाहेरच्याला पटत नाही, म्हणून तो नीट समजावून सांगता आला पाहिजे. १२० च्या टेम्पोला (मिनिटाला १२० बीट) चार बीटचा बार २ सेकंदांचा होतो. ६४ बार म्हणजे १२८ सेकंद, ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं, म्हणजे सॅम्पल) बरोबर ६१,४४,००० सॅम्पल. फाइल तिथे कापली की शेवटच्या सुराची रीव्हर्बची शेपटी (मागे रेंगाळणारा घुमारा) तुटते आणि दर दोन मिनिटांनी खेळणाऱ्याच्या कानाला ठेच लागते. म्हणून लूप सलग दोनदा वाजवून दुसरी फेरी कापून घ्यायची. तिच्या सुरुवातीला पहिल्या फेरीची शेपटी आपोआप मिसळलेली असते. फाइल वेव्ह किंवा ऑग स्वरूपात द्यायची. एमपीथ्री करताना एन्कोडर टोकांना थोडी शांतता जोडतो, आणि सांधा पुन्हा उघडा पडतो. हे सगळं करूनही संगीताची लांबी एका सेकंदानेही वाढत नाही. मिनिटाच्या दरात हे काम फुकट जातं ते असं.

थरांचं संगीत असेल तर प्रश्न आणखी मोठा. शांत फिरताना एक थर, शत्रू दिसला की दुसरा, लढाईत तिसरा आणि चौथा, अशी रचना असेल तर चार थरांच्या १५ जुळण्या होतात. त्यातली जी जुळणी गेममध्ये वाजू शकते ती कानाला पूर्ण वाटली पाहिजे. ऐकणाऱ्याच्या घड्याळात मात्र दोनच मिनिटं. एफमॉड किंवा वाइज या गेममध्ये आवाज बसवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे थर जोडून द्यायचं कामही तुमच्याकडेच असेल तर ते वेगळ्या ओळीत, वेगळ्या रकमेने लिहा.

कोटेशन

किती लूप, किती थर, प्रसंगापुरते छोटे तुकडे किती, खरी वाद्यं किती, इंजिनमध्ये कोण बसवणार, फाइली कोणत्या स्वरूपात, ट्रेलरचं संगीत यातच आहे का: या प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय आकडा सांगू नये. डेव्हलपरला सुरुवातीला सगळं माहीत नसतं, ते ठीक आहे. मग "एवढं धरून एवढी रक्कम, पुढे वाढलं तर प्रत्येक नगाला एवढी" असं लिहायचं.

एक मध्यम आकाराचा गेम घ्या. दोन मिनिटांचे ९ लूप, म्हणजे १८ मिनिटं, ८ तासांनी १४४ तास. त्यातले ३ लूप चार थरांचे, प्रत्येकी ८ तास जास्तीचे, २४ तास. विजय, मृत्यू, खजिना अशा १० छोट्या तुकड्यांना प्रत्येकी दीड तास, १५ तास. बैठका आणि बिल्ड खेळून बघणं २० तास. बेरीज २०३. यावर अनपेक्षित कामासाठी १५ टक्के धरले की साधारण २३३ तास. म्हणजे मिनिटाला जवळजवळ १३ तास. ज्याने पहिल्या फोनवर ८ तासांच्या हिशेबाने दर सांगितला, त्याचे ८९ तास बुडाले.

बजेट कमी असेल तेव्हा

इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून हा मुद्दा सविस्तर. डेव्हलपर प्रामाणिकपणे सांगतो की एवढे पैसे नाहीत, आपल्याला गेम आवडलेला असतो, आणि भिडेखातर आपण दर उतरवतो. उतरवलेला दर पुन्हा चढत नाही. पुढच्या गेमला तोच आकडा समोर येतो, आणि तो ज्याला कळतो त्या प्रत्येकाकडून येतो.

दर तसाच ठेवा, काम कमी करा. वरच्या गेममधले ९ लूप ५ वर आणता येतात: मूळ धून एकच ठेवून तिची दोन रूपं करायची, काही खोल्यांत संगीताऐवजी फक्त वातावरणाचा आवाज ठेवायचा. शांतता कुठे ठेवायची हे संगीतकारानेच सुचवावं, गेमलाही त्याचा फायदा होतो. चार थरांऐवजी दोन थर आणि एक चांगला क्रॉसफेड (एक आवाज विरत असतानाच दुसरा वर येणं) पुष्कळदा पुरतो. तरीही जमत नसेल तर हक्क कमी द्या. सगळे हक्क विकण्याची किंमत वेगळी आणि वापराच्या परवान्याची वेगळी. कमी रकमेत परवाना द्यायला हरकत नाही, मालकी देऊ नये.

हक्क

सर्वसाधारणपणे तीन प्रकार दिसतात. पहिला, मालकीच हस्तांतरित होते आणि तुम्ही ते संगीत परवानगीशिवाय कुठेही वापरू शकत नाही. ही सगळ्यात महाग गोष्ट. दुसरा, मालकी तुमची, पण त्या संगीताचा परवाना फक्त याच गेमला. तिसरा, मालकी तुमची आणि तेच संगीत तुम्ही इतरांनाही देऊ शकता. हा सगळ्यात स्वस्त. छोट्या स्वतंत्र गेमसाठी दुसरा प्रकार बहुतेक वेळा दोघांनाही सोयीचा असतो.

परवान्यात तो कशाकशाला लागू हे लिहा: मूळ गेम, इतर यंत्रांवरच्या आवृत्त्या, ट्रेलर, अपडेट. दुसरा भाग, मालिका किंवा चित्रपट आला तर नवी रक्कम. परवाना गेमसोबत नव्या मालकाला किंवा पब्लिशरला (गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीला) देता येईल, हे वाक्यही असू द्या, नाहीतर पब्लिशरच्या वकिलापाशी घोडं पेंड खातं. संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरायचं नाही, हे कलम आता घालायलाच हवं.

आणखी एक अट, एका ओळीची: पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क किंवा परवाना लागू होईल. पैसे थकले तर वसुलीसाठी हातात हीच एक गोष्ट असते. तुम्ही सार्वजनिक सादरीकरणाच्या हक्कांच्या संस्थेचे सभासद असाल तर करारापूर्वीच सांगा. काही संस्थांकडे हा हक्क तुम्ही आधीच सोपवलेला असतो, आणि जो हक्क आपल्याकडे नाही तो दुसऱ्याला देता येत नाही. मालकीबाबतचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, म्हणून सही करण्याआधी एकदा वकिलाला करार दाखवा.

हप्ते आणि दुरुस्त्या

३० टक्के आगाऊ, परत न मिळणारे. ३० टक्के निम्मं संगीत मंजूर झाल्यावर. ४० टक्के शेवटच्या फाइली देताना. शेवटचा हप्ता गेम बाजारात येण्याला कधीही बांधू नका. गेम वर्षं-वर्षं लांबतात, काही येतच नाहीत, आणि तुमचं काम तर केव्हाच झालेलं असतं. प्रकल्प मधेच बंद पडला तर झालेल्या कामाचे पूर्ण पैसे आणि उरलेल्या रकमेच्या २५ टक्के, असं कलम ठेवा. ज्या ट्रॅकचे पैसे आले नाहीत ते तुमच्याकडे परत. परदेशातून पैसे येत असतील तर चलन कोणतं, बँकेचं शुल्क कोणाकडे आणि कराची कपात झाल्यावर हातात किती पडायला हवेत, हेही लिहा.

दुरुस्तीच्या दोन फेऱ्या रकमेत धरा. एक फेरी म्हणजे सगळ्या सूचनांची एकच लेखी यादी, रोज येणारे सुटे निरोप नव्हेत. आराखडा मंजूर झाल्यावर मूळ धूनच बदलायची म्हटलं तर ते नवं काम, नव्या रकमेचं. दहा कामकाजी दिवसांत उत्तर आलं नाही तर ट्रॅक मंजूर समजला जाईल, हेही घाला. यात कोणाशी भांडण नाही. डेव्हलपर बग दुरुस्त करण्यात बुडालेला असतो, आणि मुदत असली की तो ऐकायला वेळ काढतो.

विक्रीतला वाटा

"आत्ता पैसे नाहीत, पण ५ टक्के देतो" हा प्रस्ताव वाईटच असतो असं नाही. प्रश्न एवढाच, ५ टक्के कशाचे? समजा, एकूण विक्री १,००० एकक झाली. कर आणि परतावे मिळून १५० गेले, ८५० उरले. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा नेहमीचा ३० टक्के हिस्सा २५५, उरले ५९५. वाटा एकूण विक्रीवर असेल तर ५०, उरलेल्या रकमेवर असेल तर २९.७५. पब्लिशर आधी स्वतःचा खर्च वसूल करणार असेल, तर तो वसूल होईपर्यंत शून्य.

"विकलेल्या प्रतींवर" असा शब्दप्रयोग असेल तर सही करण्याआधी बदलून घ्या. सदस्यता सेवेने गेमसाठी एकरकमी पैसे दिले तर त्यात प्रत विकली जातच नाही, आणि ती रक्कम तुमच्या वाट्यातून निसटते. "गेमपासून मिळालेलं सर्व उत्पन्न" असं लिहा. दर तीन महिन्यांनी हिशेब, वर्षातून एकदा हिशेबवही पाहण्याचा हक्क, आणि गेम विकला गेला तरी वाटा चालू राहील, ही तीन कलमं नसतील तर वाटा नुसता तोंडी राहतो. आमचं मत स्पष्ट आहे: निम्मी तरी रक्कम रोख घ्या, आणि वाट्याच्या बदल्यात तेवढंच सोडा जेवढं बुडालं तरी चालेल.

साउंडट्रॅक

अल्बम कोण विकणार हे आधी ठरवा. स्टीमवर २०२० पासून साउंडट्रॅक गेमशिवायही विकत घेता येतो, पण तिथले पैसे डेव्हलपरच्या खात्यात जमा होतात. तुमचा हिस्सा आणि तो कधी मिळेल हे करारात हवं. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी तुम्ही स्वतः विकणार असाल तर तशी लेखी परवानगी घ्या, आणि मुखपृष्ठासाठी गेमचं चित्र वापरायचीही.

वितरकाकडे अल्बम चढवताना यूट्यूबच्या कंटेंट आयडीची (व्हिडिओतलं संगीत ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेची) खूण तपासून बंद ठेवा. ती चालू राहिली तर गेम खेळून दाखवणाऱ्यांच्या व्हिडिओंवर आपोआप दावे लागतात, ते गेम दाखवणं सोडतात, आणि ज्या विक्रीत तुमचा वाटा आहे तीच घटते.

जॅम आणि वादक

गेम जॅममध्ये (ठरावीक वेळात गेम बनवण्याच्या उपक्रमात) दोन-तीन दिवस विनामोबदला काम करणं ठीक, पण सुरुवातीलाच सगळ्यांना एक मेल टाका: "हा गेम पुढे पैशांसाठी विकायचा झाला तर संगीताचा मोबदला तेव्हा ठरवू, तोपर्यंत संगीताचे हक्क माझ्याकडे." सगळ्यांकडून होकार लेखी घ्या.

आणि तुम्ही ज्यांना वाजवायला बोलावता त्यांचा हिशेबही याच न्यायाने करा. बासरीवाल्याला किंवा गायिकेला सत्राचे पैसे त्याच दिवशी द्या, गेममध्ये नाव येईल हे बघा, आणि रेकॉर्डिंग गेम, ट्रेलर आणि साउंडट्रॅकमध्ये वापरण्याची संमती सही करून घ्या. ही सही राहून गेली तर वर्षभराने पब्लिशर कागदपत्रं मागतो तेव्हा वादकाचा फोन लागत नाही, आणि ट्रॅक पुन्हा वाजवून घ्यावा लागतो, तोही तुमच्या खर्चाने.