मेयोत आलात? आधी रेडिओ लावा

आयर्लंडच्या पश्चिमेकडे, आमच्या मेयोसारख्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) नोकरीला येणाऱ्या प्रत्येकाला पीपीएस नंबर (सरकारी ओळख क्रमांक) आणि बँकेच्या खात्याच्या जोडीनं मी आणखी एक काम सांगते: आपल्या काउंटीचं रेडिओ स्टेशन शोधा आणि रोज ऐका. टीव्ही असेल तर वर्षाला १६० युरो लायसन्स भरावं लागतं, रेडिओला काहीच नाही.

देशभराचं सरकारी स्टेशन आरटीई रेडिओ वन आहेच. दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला त्यावर घंटेचे टोल ऐकू आले तर दचकू नका, ती अँजेलस नावाची कॅथलिक प्रार्थना. आयरिश भाषेसाठी १९७२पासून राइदिओ ना गेलताख्ता आहे. पण गावात मुरायचं असेल तर स्थानिक स्टेशनच हवं. खासगी रेडिओला वाट देणाऱ्या १९८८च्या कायद्यानंतर ही स्टेशनं उभी राहिली. केरीत रेडिओ केरी, डोनेगॉलला हायलँड रेडिओ, आमच्याकडे मिडवेस्ट.

त्यावर रोज मृत्यूच्या बातम्या वाचतात. नाव, गाव, माहेरचं आडनाव, दर्शन कुठे, प्रार्थना किती वाजता. सुरुवातीला मला हे ऐकवत नसे, मी आवाज बंद करायची. पहिल्याच वर्षी शेजारचे आजोबा गेले. त्यांच्या अंगणात गाड्याच गाड्या दिसल्या, पाहुणे आले असतील म्हणून मी दार वाजवलं नाही. दफन झाल्यावर दुकानात कळलं. आम्ही आल्या आल्या दारात बटाट्यांची पिशवी ठेवून गेलेला माणूस तो. ती चुटपुट अजून आहे.

आपल्याकडे जसं मयताला बोलावणं लागत नाही, तसंच इथंही. बातमी ऐकली की जायचं. फक्त ‘हाउस प्रायव्हेट’ म्हणाले तर घरी जायचं नाही, चर्चमध्ये जायचं. रांगेत उभं राहून घरच्यांचा हात हातात घ्यायचा आणि ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ म्हणायचं. एवढंच.

दुसरं, बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ घ्याच. जानेवारी २०२५मध्ये एओविन वादळ आलं, देशभरात साडेसात लाखांवर घरं-दुकानं अंधारात गेली. आमच्याकडे वीज गेली, नेट गेलं, मोबाइलची रेंजही गेली. पाणी कुठे मिळतंय, कुठला रस्ता झाड पडून बंद आहे, गरम जेवण आणि फोन चार्जिंगची सोय कुठल्या हॉलमध्ये आहे, हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेल्या त्या डबीवर कळत होतं. सेल जास्तीचे आणून ठेवा.

रविवारी गेलिक फुटबॉलचं समालोचन लावा. बोली वेगवान असते, कान बसायला दोन-तीन महिने जातात. मेयोनं ऑल-आयर्लंड, म्हणजे या खेळाचं देशपातळीवरचं अजिंक्यपद, शेवटचं जिंकलं १९५१ साली, आणि इथलं प्रत्येक घर अजून वाट बघतंय. सोमवारी कामावर मॅचबद्दल एक वाक्य बोलून बघा, समोरचा खुर्ची ओढून बसेल.