स्मार्ट स्पीकरसाठी खेळ बनवायला लागले तेव्हा

पदवीनंतर मी मोबाइल गेम बनवणाऱ्या कंपन्यांकडे अर्ज करत होते. नोकरी लागली ती स्मार्ट स्पीकरसाठी आवाजावर चालणारे खेळ बनवणाऱ्या, सातच माणसं असलेल्या एका स्टार्टअपमध्ये. ना पडदा, ना बटण. खेळाडू बोलतो, स्पीकर उत्तर देतो आणि तेवढ्यातून खेळ उभा राहतो. या क्षेत्रात येऊ पाहणारे बरेच जण मला विचारतात, कोणती भाषा शिकू, कोणता कोर्स करू? ते पुढे सांगतेच. पण कामावर गेल्यावर मला जे कमी पडलं ते कोडिंग नव्हतं, ऐकणं होतं.

पहिल्या आठवड्यात मी एका खेळाची सुरुवात लिहिली. बंद खोली, तिच्यातल्या वस्तू, तीन दारं, प्रत्येक दारावरची खूण. वाचायला छान वाटत होती. आमच्या टीम लीड ताईंनी मला लॅपटॉप मिटायला लावला आणि तोच मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. मग विचारलं, "दुसऱ्या दारावर काय होतं?" मीच लिहिलेलं, आणि मला आठवेना. वाचताना विसरलं तर नजर मागच्या ओळीवर जाते, ऐकताना तशी सोय नसते. त्या दिवसापासून मी प्रत्येक संवाद आधी बोलून बघते. वर्णन एका दमात संपायला हवं, पर्याय तीनच्या वर नकोत आणि प्रश्न अगदी शेवटी यायला हवा. प्रश्नानंतर एक जरी वाक्य आलं तरी लोक मध्येच उत्तर देतात, आणि तेव्हा माइक बंद असतो.

यंत्राची बाजू थोडक्यात. ॲमेझॉनच्या अलेक्सासारख्या मंचावर, म्हणजे प्लॅटफॉर्मवर, खेळाडूचा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. मंच तो ऐकतो, त्याचे शब्द करतो आणि तुमच्या कोडला कळवतो की खेळाडूचा हेतू अमुक आहे आणि त्यातला बदलता शब्द तमुक. हेतूला इंटेंट म्हणतात, बदलत्या शब्दाला स्लॉट. खेळाडू काय काय म्हणू शकेल याची नमुना वाक्यं तुम्ही आधी लिहून द्यायची. खाजगीपणासाठी ही रचना चांगलीच आहे, पण चूक शोधताना घाम फुटतो, कारण खेळाडू नेमकं काय बोलला ते ऐकायची सोय नसते.

आमचा एक खेळ इंग्रजीत होता, त्यात बुद्धिबळाचं एक कोडं होतं. उत्तर होतं ‘नाइट’, म्हणजे घोडा. चाचणीत लोक बरोबर उत्तर देत होते आणि खेळ त्यांना चूक ठरवत होता. मी दोन दिवस कोडमध्ये दोष शोधत बसले. शेवटी मंचाने कळवलेल्या शब्दांच्या नोंदी एकेक करून वाचल्या, तेव्हा स्लॉटमध्ये दुसराच ‘नाइट’ दिसला, रात्रीचा. उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं. रात्रीचा शब्द घोड्याचा समानार्थी म्हणून यादीत घातला आणि कोडं सुटायला लागलं. आता कोणतंही उत्तर पक्कं करण्याआधी मी ते चार प्रकारे उच्चारते आणि त्याच्यासारखे ऐकू येणारे सगळे शब्द लिहून काढते. ‘टू’ची तर तीन स्पेलिंगं आहेत.

वेळेचं गणित याहून अवघड. प्रश्न विचारल्यावर अलेक्सा साधारण 8 सेकंद थांबते. उत्तर आलं नाही तर तुम्ही लिहून ठेवलेला आठवणीचा प्रश्न एकदा विचारते, पुन्हा तेवढंच थांबते आणि खेळ बंद होतो. कोडं सोडवायला 8 सेकंद कुठे पुरतात? म्हणून आम्ही विचार करण्यासाठी 20 सेकंदांचं संगीत घातलं. मग चाचणीत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आली. तिसऱ्याच सेकंदाला तिला उत्तर सुचलं. ती ओरडली, मग आणखी मोठ्याने ओरडली, स्पीकरजवळ जाऊन अगदी तोंड लावून बोलली. संगीत वाजतच राहिलं, कारण ते वाजत असताना स्पीकर फक्त ‘अलेक्सा’ ही हाक ऐकतो, नुसतं उत्तर नाही. संगीत थांबून माइक उघडला तेव्हा ती रुसून दूर जाऊन बसली होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो. त्या रात्री आम्ही संगीत 6 सेकंदांवर आणलं आणि ‘थांब’ म्हटलं की आणखी 6 सेकंद मिळतील अशी सोय केली. ज्याला वेळ हवा त्याने मागावा, ज्याला उत्तर माहीत आहे त्याला अडवू नये.

न समजलेल्या उत्तराचंही तसंच. "मला समजलं नाही" हे वाक्य सलग तीनदा ऐकलं की माणूस उठून जातो. आमची पद्धत अशी: पहिल्यांदा छोटासा पुन्हा प्रश्न, दुसऱ्यांदा पर्याय वाचून दाखवायचे, तिसऱ्यांदा कथा स्वतःहून पुढे न्यायची. समजलं नाही ही चूक खेळाची, खेळाडूची नाही, आणि ते संवादात जाणवलं पाहिजे.

प्रकाशनाआधी मंचाची तपासणी असते. आमचा पहिला खेळ परत आला, कारण एका जागी तो काहीच न विचारता माइक उघडा ठेवत होता. चूक माझी होती आणि नियम योग्यच आहे. घरात उगाच उघडा राहिलेला माइक कोणालाही नको असतो. नावाचेही नियम असतात: स्वतःचा खास ब्रँड नसेल तर अलेक्सावर हाकेचं नाव, म्हणजे खेळ सुरू करायला जे बोलायचं ते, एका शब्दाचं चालत नाही. नाव एखाद्याला एकदा सांगा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. आठवलं नाही तर बदला, कारण इथे टॅप करायला आयकॉन नसतो. पैसे मुख्यतः खेळातल्या खरेदीतून आणि वर्गणीतून येतात.

आता शिकायचं काय? पायथॉन किंवा नोड (म्हणजे जावास्क्रिप्ट) यांपैकी एक, ॲमेझॉनच्या लॅम्डा या क्लाउड सेवेवर छोटं फंक्शन चालवणं, आणि खेळाडूची प्रगती डेटाबेसमध्ये जपणं, कारण सत्र संपलं की त्यातली माहितीही जाते. आवाजाचा चढउतार आणि विराम लिहिण्यासाठी एसएसएमएल ही खुणांची भाषा. हे सगळं दीड-दोन महिन्यांत हातात बसतं. खेळाचे नियम मात्र मंचाच्या कोडपासून वेगळे ठेवा. गूगलने असिस्टंटवरच्या कन्व्हर्सेशनल ॲक्शन्स, म्हणजे बाहेरच्या लोकांनी बनवलेली आवाजी ॲप्स, 13 जून 2023 रोजी बंद केल्या, म्हणजे पाया हलू शकतो हे गृहीत धरूनच बांधायला हवं. आता चॅटजीपीटीमागे असतात तशी मोठी भाषा मॉडेलं आल्यामुळे मोकळंढाकळं बोलणं पूर्वीपेक्षा चांगलं समजतं, पण गुण कोणाला आणि डाव कधी संपला हे मी अजूनही साध्या कोडवरच सोपवते.

पण कोडच्याही आधी एक करा. संवाद कागदावर लिहा, एका मित्राला खोलीत बसवा, तुम्ही दाराआड उभे राहून स्पीकर व्हा आणि लिहिलं आहे तेवढंच बोला. तो काय बोलतो ते शब्दशः टिपा. पाच जणांबरोबर असं केलंत की तुमच्या मनातही न आलेली निदान वीस वाक्यं सापडतील. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांकडे मी प्रमाणपत्रांच्या आधी हीच टिपणं मागते: कोण काय म्हणालं, आणि त्यानंतर तुम्ही कोणती ओळ बदललीत.