स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये वजन उतरू लागलं, तर घरच्यांनी काय करावं?

“दोन घास जातात, पण अंगाला काही लागत नाही.” स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा पेशंट असलेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि बरंचसं निदान त्यातच असतं. वजन इथे एकाच वेळी तीन वाटांनी गळतं. स्वादुपिंडातला पाचकरस आतड्यात पोचत नाही, म्हणून खाल्लेलं न पचता बाहेर पडतं. तिथेच बनणारं इन्सुलिन कमी पडतं, म्हणून साखर रक्तात चढते आणि लघवीवाटे जाते. शिवाय गाठीमुळे शरीरभर जो दाह सुरू होतो, तो स्नायू झिजवतो आणि भूक मारतो. या झिजेला डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात. पहिल्या दोन गळत्या बऱ्याच अंशी थांबवता येतात, तिसरीचा फक्त वेग कमी करता येतो. म्हणून ‘खा, खा’ असा धोशा लावण्याआधी खालच्या क्रमाने जा.

१. वजन लिहून ठेवा

आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी. रोज नको, रोजच्या चढउताराने उगाच जीव टांगणीला लागतो. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोपेक्षा जास्त, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालाच. पोटात पाणी झालं असेल किंवा पाय सुजले असतील, तर काटा खोटं बोलतो. अशा वेळी दंड बघा, सैल झालेली अंगठी बघा, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का ते बघा.

२. स्वयंपाकघराआधी संडासात डोकवा

हे विचारायला संकोच वाटतो, पण सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. शौच फिकट, तेलकट, फार घाण वासाचं, भांड्याला चिकटणारं, पाणी टाकूनही न जाणारं असेल, तर चरबी पचत नाहीये. मॉर्फिनसारख्या औषधांनी बद्धकोष्ठ झालेलं असेल, तर मात्र ही लक्षणं दिसतीलच असं नाही. फिकट शौचासोबत डोळे पिवळे, लघवी गडद आणि अंगाला खाज असेल, तर ती कावीळ. पित्ताची नळी दाबली गेलेली असू शकते. त्यात थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

पाचकरसाच्या कमतरतेवर एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१८ सालीच सांगितलंय की ज्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढता येत नाही, अशा रुग्णांना त्या द्याव्यात. तरीही कित्येकांना त्या लिहून दिल्या जात नाहीत, किंवा दिल्या तरी कशा घ्यायच्या हे कुणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर.

डोस लायपेजच्या, म्हणजे चरबी पचवणाऱ्या एन्झाइमच्या, युनिटमध्ये मोजतात. सुरुवात साधारणपणे मुख्य जेवणाला ५०,००० आणि मधल्या खाण्याला २५,००० युनिटने होते; पुढे डॉक्टर गरजेनुसार वाढवतात. स्ट्रिपवर १०,००० लिहिलेली एक कॅप्सूल दिवसातून एकदा घेऊन फरक पडत नसेल, तर नवल नाही. पहिल्या घासाबरोबर काही आणि जेवणाच्या मध्यात उरलेल्या घ्यायच्या. जेवून हात धुतल्यावर घेतल्या, तर अन्न पुढे निघून गेलेलं असतं. गिळायच्या थंड किंवा कोमट पाण्याने, गरम चहाने नाही, कारण उष्णतेने एन्झाइम मरतात. चावायच्या नाहीत. गिळवत नसेल तर कॅप्सूल उघडून आतले दाणे सफरचंदाच्या थंड गरात मिसळून लगेच गिळायचे आणि वर पाणी प्यायचं. ग्लासभर दूध किंवा प्रोटीन पावडरलाही कॅप्सूल लागते. नुसत्या फळाला किंवा घोटभर चहाला लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात हा डबा गॅसजवळच्या फडताळात ठेवू नका. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. ज्यांना त्याची अडचण वाटू शकते, त्यांना आधी सांगून निर्णय त्यांच्यावर सोडा.

नियमाने घेऊनही शौच तेलकटच राहिलं, तर डोस वाढवण्याबद्दल आणि सोबत आम्ल कमी करणाऱ्या गोळीबद्दल विचारा. तूप-तेल बंद करणं हा यावरचा उपाय नव्हे.

३. साखर तपासा, पथ्य मात्र लादू नका

ग्लुकोमीटर घरी असू द्या. साखर सतत चढलेली राहिली, तर वजन आणखी उतरतं. पण ‘भात बंद, गोड बंद’ हे नेहमीच्या मधुमेहाचं पथ्य इथे उलटं पडतं. जेवण आहे तसं ठेवून औषध किंवा इन्सुलिन त्याला जुळवून घ्यायचं असतं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने काहींची भूक आणखी मरते. तसं वाटलं तर सांगा. एन्झाइम सुरू झाल्यावर अन्न पचू लागतं आणि साखर वाढू शकते, तेव्हा घाबरू नका, कळवा. साखर वर आणणारं ग्लुकागॉन हे संप्रेरकही स्वादुपिंडातूनच येतं आणि तेही कमी पडू शकतं, त्यामुळे इन्सुलिनवर असताना साखर झपकन खाली जाऊ शकते. ‘आज जेवलेच नाहीत, तर इन्सुलिन किती द्यायचं?’ हे आधीच विचारून कागदावर लिहून घ्या.

४. न जेवण्याचं कारण शोधा

दुखणं, मळमळ, बद्धकोष्ठ, तोंडातले फोड, खिन्नपणा यांतलं एक जरी असलं तरी ताट परत जातं आणि या प्रत्येकावर औषध आहे. तासन्‌तास आधी खाल्लेलं तसंच उलटून पडत असेल, तर जठराच्या पुढची वाट अडली असू शकते. तिथे घरगुती उपाय नको.

५. आता जेवण

प्रथिनं रोज दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, शंभर ग्रॅम मासळीत २० च्या आसपास. हा आकडा एका ताटात गाठता येत नाही. दोन-अडीच तासांनी छोट्या वाटीत थोडंथोडं द्या. पातळ वरणापेक्षा घट्ट वरण, मऊ भातावर दोन चमचे तूप, दुधातली नाचणीची खीर, दह्यात शेंगदाण्याचा कूट, दुधात दुधाचीच पावडर. बहुतेकांना सकाळी बरं खाववतं, तेव्हा भारी पदार्थ सकाळीच द्या. फोडणीच्या वासाने ढवळत असेल तर दार लावून घ्या आणि गार दहीभात पुढे करा. जेवणाआधी पाणी-ताक पाजून पोट भरू नका. गव्हांकुराचा रस आणि काढे यांचाही तोच दोष: पोट भरतं, ताकद मिळत नाही.

‘साखरेने गाठ वाढते’ असं सांगणारे नातेवाईक येतीलच. साखर तोडून गाठ उपाशी राहत नाही, माणूस राहतो. दुसरा आग्रह असतो सलाईनचा. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० कॅलरी, म्हणजे जेमतेम एक केळं. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर ती बाटली हवीच, पण ते जेवण नव्हे.

६. थोडं हलवा

स्नायूंना काम मिळालं नाही, तर खाल्लेली प्रथिनं त्यांच्या फारशी उपयोगी पडत नाहीत. खुर्चीतून पाच वेळा उठबस, दिवसातून दोनदा. जमलं तर गॅलरीपर्यंत फेऱ्या. कॅन्सर हाडांत पसरला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

७. भुकेच्या औषधांबद्दल स्वतःहून विचारा

पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेने जठर, फुप्फुस आणि यकृत-स्वादुपिंड-पित्तमार्गाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १२४ रुग्णांवर केलेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. केमोसोबत रोज फक्त २.५ मिलिग्रॅम ओलान्झापिन १२ आठवडे घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. हे मानसिक आजारांवरचं जुनं औषध आहे. त्याने झोप येते आणि साखर वाढू शकते, म्हणून मनाने सुरू करू नका. स्टेरॉइडने भूक लागते, पण फार दिवस घेतल्यास तेच स्नायू खातं. भूक वाढवणाऱ्या मेजेस्ट्रॉलने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो आणि या कॅन्सरमध्ये तो आधीच जास्त असतो. जपानमध्ये २०२१ पासून ॲनामोरेलिन हे भूक वाढवणारं औषध मिळतं.

८. आग्रह कधी थांबवायचा

आजार शेवटाकडे झुकला की शरीरच अन्न नाकारतं. तेव्हा भरवल्याने आयुष्य वाढत नाही; ठसका आणि उलटी मात्र वाढते. “एवढं संपवाच” ऐवजी “काय देऊ?” असं विचारा, आणि “काही नको” म्हणाले तर त्यावर वाद घालू नका. खाणंच थांबलं असेल, तर एन्झाइमच्या कॅप्सूलही लागत नाहीत. साखरेच्या औषधांचं काय करायचं, ते डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. तोंड ओल्या कापसाने टिपत राहा, ओठांना तूप लावा, आणि मागितला तर आइस्क्रीमचा एखादा चमचा द्या.