समोरच्याला तपासता येईल असा डिजिटल बॅज

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या डेटा सेंटरना आणि आयटी पार्कमधल्या कंपन्यांना नवी मुलं लागतात, आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडून मुलाखतीला जाणाऱ्यांच्या रेझ्युमेवर हल्ली चार-पाच डिजिटल बॅज (काही शिकल्याची किंवा परीक्षा दिल्याची ऑनलाइन खूण) असतातच. बॅज खरे असतात, त्यामागे अभ्यासही केलेला असतो. तरी त्यातले बरेच वाया जातात, कारण रेझ्युमेवर चिकटवलेलं असतं ते फक्त चित्र. एचआरला त्यावरून काहीच पडताळता येत नाही, आणि जे पडताळता येत नाही ते तिच्या लेखी शोभेचं.

पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी, आणि बॅज द्यायला निघालेल्या विभागांनीही, हे सुरुवातीलाच समजून घ्यावं.

बॅजच्या आत काय असतं

फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०११ मध्ये ओपन बॅजेस, म्हणजे डिजिटल बॅजसाठीचं खुलं मानक, ही कल्पना मांडली आणि २०१३ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. २०१७ पासून हे मानक आयएमएस ग्लोबल या संस्थेकडे आहे. तिचं आताचं नाव वन-एडटेक. हे मानक पाळणाऱ्या प्रत्येक बॅजमागे एक नोंद असते आणि तिचे तीन भाग असतात: बॅज कोणी दिला, बॅज कशासाठी आहे, आणि तो कोणाला कधी दिला. दुसऱ्या भागात निकष लिहिलेले असतात. तिसऱ्या भागात दिल्याची तारीख, असल्यास मुदत संपण्याची तारीख, आणि पुराव्याची लिंक.

ही नोंद खरी कशावरून? जुन्या आवृत्त्यांमध्ये दोन मार्ग होते. एक, नोंद संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची आणि तपासणाऱ्याने तिथे जाऊन बघायची. दोन, नोंदीवर संस्थेची डिजिटल सही करायची. आवृत्ती ३.० मध्ये सहीवर भर आहे: नोंदीतलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. पहिल्या मार्गाची दुखरी बाजू उघड आहे. क्लासने वेबसाइटचं नूतनीकरण केलं नाही, डोमेन गेलं, की त्याने दिलेले सगळे बॅज एका दिवसात निरुपयोगी होतात. सेवाही बदलतात. मोझिलाची बॅज साठवण्याची बॅकपॅक ही सेवा बंद झाली, खाती बॅजर या सेवेकडे गेली, पुढे बॅजर दुसऱ्या कंपनीने घेतलं आणि नाव बदललं. म्हणून बॅज मिळाला की लगेच त्याची मूळ फाइल उतरवून स्वतःकडे ठेवा आणि पडताळणीच्या पानाचा पत्ता, दिनांक, संस्थेचं नाव एका साध्या शीटमध्ये लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पडताळणी एवढंच सांगते की या संस्थेने या व्यक्तीला हा बॅज दिला आणि त्यात फेरफार झालेला नाही. ती संस्था दर्जेदार आहे की नाही, हे पडताळणी सांगत नाही. फुकट खातं उघडून कोणीही बॅज देऊ शकतं.

सगळ्यात जास्त घोळ ईमेलचा

नोंदीत तुमची ओळख बहुतेक वेळा ईमेलवरून ठरते. ईमेल उघडा लिहिलेला नसतो. त्याला सॉल्ट म्हणून काही अक्षरं जोडून एसएचए-२५६ पद्धतीने हॅश केलेला असतो, म्हणजे मूळ मजकूर परत काढता येणार नाही अशा अक्षर-अंकांच्या ठशात बदललेला असतो. तपासणारी प्रणाली तुम्ही दिलेल्या ईमेलचा तसाच हॅश काढते आणि दोन्ही जुळतात का बघते. इथे एका टिंबाचाही फरक चालत नाही. जीमेलला नावातला टिंब असला काय, नसला काय, पत्र एकाच पेटीत येतं. हॅश मात्र पूर्ण वेगळा निघतो. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचंही तेच. त्यामुळे ईमेल लिहिण्याची एकच पद्धत ठरवा, सगळी अक्षरं स्मॉल, आणि प्रत्येक नोंदणीत तीच वापरा.

दुसरा फटका कॉलेजच्या ईमेलचा. नेटवर्किंग किंवा क्लाउडचे कोर्स कॉलेजमार्फत असले की नोंदणी कॉलेजच्या आयडीने होते, आणि पास झाल्यावर काही महिन्यांत तो आयडी बंद पडतो. क्रेडली या बॅज ठेवण्या-दाखवण्याच्या सेवेवर यावर इलाज आहे: खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वैयक्तिक ईमेल जोडा, त्यावर आलेल्या पत्रातून तो पक्का करा, मग त्याला मुख्य ईमेल करा. हे शेवटच्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी उरका, कारण कॉलेजची पेटी बंद झाल्यावर पासवर्ड बदलण्याचं पत्रसुद्धा तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. जिथे ओळख हॅशमध्येच गोठलेली आहे तिथे खातं बदलून भागत नाही. संस्थेला नव्या ईमेलवर बॅज पुन्हा द्यायला सांगावं लागतं.

नावाचाही विचार आत्ताच करा. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आईचं नाव शेवटी. पॅनकार्डावरचा क्रम वेगळा असतो. प्रमाणपत्र परीक्षेला बसताना नोंदणीतलं नाव सरकारी ओळखपत्राशी जुळावं लागतं, म्हणून सगळीकडे ओळखपत्रावरचंच नाव ठेवा. टोपणनावाने काढलेला बॅज पार्श्वभूमी तपासणीत उगाच प्रश्न उभे करतो.

फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली की काय होतं

ओपन बॅजच्या पीएनजी फाइलमध्ये नोंद किंवा तिचा पत्ता आतच भरलेला असतो; याला बेकिंग म्हणतात. फाइल डोळ्यांना नेहमीच्या चित्रासारखी दिसते, पण पडताळणीच्या साधनावर चढवली की आतली नोंद वाचता येते. हीच फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली की तिचं जेपीजी होतं, आकार घटतो आणि आतली नोंद गळून पडते. स्क्रीनशॉट काढला, कॅनव्हामध्ये रेझ्युमेवर बसवला, कडा कापल्या, तरी तेच. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याहून बरं म्हणजे लिंक पाठवा.

कोणता बॅज कशाच्या तोडीचा

उपस्थितीचा बॅज, कोर्स पूर्ण केल्याचा बॅज आणि देखरेखीखालील परीक्षा दिल्याचा बॅज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलाखत घेणाऱ्याला तो फरक नेमका कळतो. आपल्या भागात सर्वांत जास्त गल्लत सीसीएनए या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राची होते. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत ‘सीसीएनए: इंट्रोडक्शन टू नेटवर्क्स’ हा कोर्स केला की क्रेडलीवर बॅज मिळतो. सीसीएनए हे प्रमाणपत्र मात्र २००-३०१ क्रमांकाची १२० मिनिटांची परीक्षा पास झाल्यावर मिळतं आणि ३ वर्षं चालतं. पहिला बॅज असताना रेझ्युमेवर नुसतं ‘सीसीएनए’ लिहिलं तर ते खोटं ठरतं, आणि समोरच्याने लिंक उघडताक्षणी ते दिसतं. बॅजचं नाव जसं आहे तसं, पूर्ण लिहा. अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचं, म्हणजे एडब्ल्यूएसचंही तसंच: एडब्ल्यूएस एज्युकेटचा प्रशिक्षणाचा बॅज वेगळा आणि ६५ प्रश्नांची, १००० पैकी ७०० गुण लागणारी क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षा वेगळी. तिचीही मुदत ३ वर्षं.

एनपीटीईएल या आयआयटी आणि आयआयएससी यांच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमाचं प्रमाणपत्र ओपन बॅज नसलं तरी पडताळता येतं आणि आपल्याकडे त्याला चांगला मान आहे. त्यात २५ टक्के गुण असाइनमेंटचे आणि ७५ टक्के केंद्रावर दिलेल्या परीक्षेचे. असाइनमेंटला २५ पैकी किमान १० आणि परीक्षेला ७५ पैकी किमान ३० हवेतच. म्हणजे नुसते व्हिडिओ पळवून ते हाती येत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: उपस्थितीचे दहा बॅज लावण्यापेक्षा परीक्षेचा एक आणि पुराव्यासह कोर्सचे दोन लावावेत.

पुरावा कसा जोडायचा

नोंदीतलं पुराव्याचं घर बहुतेक जण रिकामं सोडतात, आणि मुलाखतीत खरी मदत तिथेच होते. समजा नेटवर्किंगचा बॅज आहे. पॅकेट ट्रेसर या नेटवर्कची प्रतिकृती करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक राउटर, एक स्विच आणि दोन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी नेटवर्कं) घेऊन त्यांच्यात संपर्क होईल अशी मांडणी करा. एका फोल्डरमध्ये मूळ फाइल, राउटरचं कॉन्फिगरेशन टेक्स्ट स्वरूपात, पिंग (संपर्क होतो का याची चाचणी) यशस्वी झाल्याचं आउटपुट आणि अर्ध्या पानाची नोंद ठेवा: काय करायचं होतं, कुठे अडलं, कशाने सुटलं. दोन-तीन मिनिटांचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ असेल तर उत्तम. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वागळे इस्टेटमधल्या अकाउंट्सच्या नोकरीसाठी एक्सेलचा बॅज काढला असेल तर खरेदी नोंदवही आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांच्या विवरणांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारं विवरण) यांचा मेळ घालणारी शीट जोडावी, अर्थात सगळी नावं, जीएसटी क्रमांक आणि रकमा बनावट घेऊन. जिथे इंटर्नशिप केली तिथला खरा डेटा चुकूनही टाकू नका.

पुराव्याची लिंक दोन कारणांनी मरते. एक, गुगल ड्राइव्हवर ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही परवानगी दिलेली नसते आणि समोरच्याला परवानगी मागा असा फलक दिसतो. दोन, फोल्डर कॉलेजच्या खात्यावर असतं आणि खात्याबरोबर तेही जातं. पुरावा पहिल्यापासून वैयक्तिक ड्राइव्हवर किंवा गिटहब या कोड आणि फाइली ठेवण्याच्या साइटवर ठेवा. बॅज देणाऱ्याने पुराव्याची सोय ठेवली नसेल तर हीच लिंक रेझ्युमेत बॅजच्या खाली द्या.

रेझ्युमे आणि लिंक्डइन

रेझ्युमेवर बॅजसाठी एक ओळ पुरते: पूर्ण नाव, देणारी संस्था, महिना-वर्ष आणि पडताळणीच्या पानाची लिंक. चित्रं टाळा. अर्ज गाळणाऱ्या सॉफ्टवेअरला चित्रातला मजकूर बहुधा वाचता येत नाही. पीडीएफ केल्यावर लिंक दाबून पाहा. छापून पीडीएफ केली की कधी कधी लिंक निर्जीव होते. छापील प्रत नेणार असाल तर छोटा क्यूआर कोड टाका आणि तो मित्राच्या फोनवर, तुमच्या खात्यात लॉगिन नसताना, उघडून बघा. स्वतःच्या फोनवर सगळंच उघडतं, कारण तिथे तुम्ही आधीच आत असता. बॅज खासगी ठेवलेला असेल तर इतरांना तो दिसत नाही हे तेव्हाच कळतं.

लिंक्डइनवर ‘लायसन्सेस अँड सर्टिफिकेशन्स’ विभागात क्रेडेन्शियल आयडी आणि यूआरएल ही दोन्ही घरं भरा. नुसती अभिनंदनाची पोस्ट टाकली तर आठवड्याभरात ती खाली जाते.

डिजिलॉकर आणि क्रेडिट बँक

बॅजची पीडीएफ आपण होऊन डिजिलॉकरवर चढवली म्हणून ती प्रमाणित होत नाही. तिथे संस्थेकडून थेट आलेले ‘इश्यूड’ दस्तऐवज आणि आपण टाकलेल्या फाइली वेगळ्या असतात. मूळ कागदपत्राचा दर्जा पहिल्यांनाच. अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या श्रेयांक साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यातही श्रेयांक नोंदणीकृत संस्थाच जमा करू शकते. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार अभ्यासाचे ३० तास म्हणजे १ श्रेयांक, पण ३० तासांचा ऑनलाइन कोर्स केला म्हणून तुमच्या अपार या १२ अंकी विद्यार्थी ओळख क्रमांकावर आपोआप काही येत नाही. श्रेयांक हवे असतील तर कोर्सला नाव घालण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी विचारून घ्या.

स्वतःच्या विभागात बॅज सुरू करणाऱ्यांसाठी

बऱ्याच कॉलेजांत मूडल हे ऑनलाइन कोर्स चालवण्याचं सॉफ्टवेअर आधीपासून असतं, आणि त्यात २.५ आवृत्तीपासून बॅजची सोय आहे. वेगळा खर्च लागत नाही. आधी निकष लिहा. ‘एसक्यूएलचं ज्ञान प्राप्त केले’ या वाक्याने कोणालाच काही कळत नाही. ‘तीन टेबलं जोडून विचारलेल्या १० प्रश्नांपैकी किमान ८ क्वेरी, देखरेखीखाली ६० मिनिटांत, स्वतः लिहिल्या’ असं लिहिलं की एचआरला आपोआप अंदाज येतो. एकदा बॅज कोणाला दिला की मूडल निकष बदलू देत नाही, तेव्हा मसुदा दुसऱ्या शिक्षकाला दाखवूनच बॅज चालू करा.

निकष म्हणून अॅक्टिव्हिटी पूर्ण होणं निवडलं असेल तर कोर्समध्ये कम्प्लीशन ट्रॅकिंग (कोणी काय पूर्ण केलं याची नोंद) चालू हवं. ते बंद राहिलं की मुलं सगळं करूनही बॅज येत नाही आणि तक्रारी सुरू होतात. क्रॉन, म्हणजे सर्व्हरवर ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम, चालत नसेल तरी तेच लक्षण. बॅजच्या सेटिंग्जमधला सॉल्ट एकदा बॅज द्यायला लागल्यावर बदलू नका, नाहीतर आधी दिलेल्या बॅजवर विद्यार्थ्याची ओळख जुळणार नाही. सर्व्हर फक्त कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवर असेल तर बाहेरच्या कंपनीला नोंद दिसणारच नाही, आणि ही चूक लॅबमध्ये बसून कधीच लक्षात येत नाही. पहिला बॅज स्वतःच्याच दुसऱ्या ईमेलवर द्या, कॉलेजचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून लिंक उघडा, नाव, निकष आणि तारीख तिथे दिसतात का पाहा. ते दिसलं की मगच वर्गाची यादी हातात घ्या.