निवृत्तीनंतरची बाग: दोघांच्या ताटापुरती

निवृत्त झाल्यावर बागेची हौस बहुतेकांना पहिल्याच महिन्यात येते. उत्साहात एका दिवशी वीस कुंड्या येतात आणि बीही सगळं त्याच दिवशी पडतं. दीड महिन्यानं पालक, मेथी, कोथिंबीर एकदम कापणीला येतात. घरात खाणारी तोंडं दोन. अर्धा पाला पिवळा पडतो, उरलेला वाटून संपवावा लागतो, आणि पुढचा महिनाभर भाजी पुन्हा विकतच. म्हणून सुरुवात कुंडीपासून करू नका, ताटापासून करा. आठवड्यात पालेभाजी किती वेळा होते, कोथिंबीर किती लागते, टोमॅटो किती संपतात हे दोन आठवडे वहीत लिहून ठेवा. तीच तुमच्या बागेची यादी, आणि बाजाराचीही.

मेथीचं उदाहरण घ्या. साधारण ४५ बाय ३० सेंटीमीटरच्या, १५ सेंटीमीटर खोल ट्रेमधून दोघांना एका वेळेपुरती भाजी निघते. बी ३ ते ५ दिवसांत उगवतं आणि २५ दिवसांच्या आसपास कापायला येतं. मग चार ट्रे घ्या आणि दर आठवड्याला एकच पेरा. चौथा पेरून होतो तोवर पहिला हाताशी आलेला असतो. कापताना मुळासकट उपटू नका. जमिनीपासून तीन-चार सेंटीमीटर वर कात्रीनं कापलं तर त्याच ट्रेमधून बहुधा आणखी एक कापणी मिळते, पण दुसरा पाला थोडा राठ असतो. त्यानंतर मात्र ट्रे मोकळा करा. मूठभर कंपोस्ट मिसळून नव्यानं पेरणं, थकलेल्या झाडांना खतं घालत बसण्यापेक्षा कधीही बरं.

उंची आणि वजन

साठीनंतर बाग सुटते ती बहुतेक वेळा कंबर आणि गुडघ्यांमुळे. जमिनीवरच्या कुंड्यांपाशी रोज अर्धा तास वाकून काम करणं कुणालाच फार दिवस झेपत नाही, म्हणून कुंड्या वर उचलून घ्या. माप सोपं आहे. सरळ उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवा. मातीचा पृष्ठभाग कोपराच्या खाली १० ते १५ सेंटीमीटरवर यायला हवा. कोपर जमिनीपासून १०० सेंटीमीटरवर असेल आणि कुंडी २५ सेंटीमीटर उंच, तर स्टँड ६० ते ६५ सेंटीमीटरचा लागतो. बसून काम करायचं असेल तर हेच माप खुर्चीत बसून घ्या आणि स्टँडखाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा ठेवा. टोमॅटोची मोठी कुंडी मात्र खालीच बरी, कारण झाडच वर येतं.

वजनाचा अंदाज भरण्याआधी घ्या. भिजलेलं मिश्रण, त्यात माती किती आहे त्यानुसार, लिटरला एक ते दीड किलो भरतं. म्हणजे २० लिटरची कुंडी २० ते ३० किलोंची झाली. ती एकट्यानं सरकवायची नाही. जागेवर ठेवून मग भरायची, किंवा आधीच चाकांच्या पाटावर ठेवायची. गच्चीवर किंवा गॅलरीत जड कुंड्या भिंतीच्या कडेला असाव्यात. कठड्यावर कुंडी ठेवणं किंवा बाहेरच्या बाजूला टांगणं टाळा. पाण्याची झारीही लहान घ्या. दहा लिटरची झारी म्हणजे एका खांद्यावर दहा किलो. त्यापेक्षा दोन्ही हातांत चार-चार लिटरच्या दोन झाऱ्या तोल सांभाळतात.

रक्तदाबाची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर वाकून काम केल्यावर एकदम उभं राहू नका. डोळ्यांपुढे अंधारी येते ती तिथेच. कडेला पक्कं स्टूल ठेवा, आधी त्यावर टेका, मग उठा. वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावते, त्यामुळे उन्हात जाण्याआधी पेलाभर पाणी पिऊन जा, तहान लागायची वाट बघू नका. डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं असेल तर अर्थात त्याच हिशोबात.

मातीचं मिश्रण

चार भाग बागेची माती, तीन भाग मुरलेलं कंपोस्ट, तीन भाग भिजवून फुगवलेलं कोकोपीट. नुसती माती कुंडीत दगडासारखी बसते आणि नुसतं कोकोपीट पाणी धरतं पण पोषण देत नाही. पाच किलोच्या कोकोपीटच्या विटेला २० ते २५ लिटर पाणी लागतं. फुगल्यावर ते गोणपाटात घेऊन दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवून पिळा. नारळाच्या भुशात क्षार राहिलेले असू शकतात, आणि त्यांनी रोपांच्या पानांच्या कडा जळतात. हा दोष पुष्कळदा खताच्या किंवा उन्हाच्या माथी मारला जातो.

कंपोस्टची किंवा कुंडीच्या मातीची पिशवी तोंडाजवळ धरून फाडू नका. अशा मातीत लेजिओनेला गटातले जंतू असू शकतात. धूळ नाकात गेली तर वयस्कर माणसाला न्यूमोनिया होऊ शकतो. मास्क लावा, पिशवी कात्रीनं हळूच कापा, वर थोडं पाणी शिंपडा, हातमोजे घाला आणि काम झाल्यावर साबणानं हात धुवा. धनुर्वाताच्या लसीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर तेही डॉक्टरांशी बोलून घ्या. गुलाबाचा काटा लागला की आठवण्याची ही गोष्ट नाही.

कोथिंबीर आणि टोमॅटो

कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार सर्रास ऐकू येते. आपण ज्याला धणा म्हणतो ते फळ आहे, आत दोन बिया असतात. ताटलीत धण्यांचा एकच थर पसरा आणि वाटीचं बूड टेकवून गोल फिरवा. ‘कट’ असा बारीक आवाज येतो आणि धणा शिवणीवर उलगडून त्याच्या दोन वाट्या होतात. इतकाच जोर हवा. भुगा झाला तर बी गेलं. मग रात्रभर पाण्यात भिजवा, निथळून ओल्या कापडात दिवसभर ठेवा, आणि २० सेंटीमीटर खोल कुंडीत एक सेंटीमीटर मातीखाली पेरा. उगवायला एक ते दोन आठवडे लागतात, घाई करून उकरू नका. दुपारचं कडक ऊन लागलं तर रोप लवकर फुलावर येतं आणि पानं दोऱ्यासारखी बारीक होतात, म्हणून सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशी जागा द्या. कोथिंबिरीचं सोटमूळ हलवलेलं तिला चालत नाही, त्यामुळे रोप लावायचं नसतं, बी जागेवरच पेरायचं.

टोमॅटोला ३० सेंटीमीटर खोल, २० लिटरची कुंडी आणि सहा ते आठ तास ऊन लागतं. त्याहून कमी ऊन असेल तर नाद सोडा आणि तिथे पालक लावा. महिनाभराचं रोप लावताना खालची पानं काढून खोड पानांपर्यंत मातीत दाबा. गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात. फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग दिसला की लोक फवारणीच्या मागे लागतात. तो बहुधा रोग नसतो. पाणी एक दिवस कमी, एक दिवस भरपूर असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि तिथला भाग मरतो. डागी फळं काढून टाका, मातीवर दोन बोटं जाड वाळल्या पाल्याचं आच्छादन घाला आणि पाण्याची वेळ ठरवून घ्या. पुढची फळं बहुतेक स्वच्छ येतात. फुलं गळत असतील तर रात्रीच्या तापमानाकडे लक्ष द्या. रात्री फार उकाडा असेल तर फळ धरत नाही आणि त्यावर कुठलंही खत चालत नाही.

पाणी रोज द्यायचं की दिवसाआड, याला एकच उत्तर नाही. पहिल्या दोन पेरांपर्यंत बोट मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नको. निवृत्तीनंतर वेळ असतो, मायाही असते, आणि त्यापायी कुंड्या सुकण्यापेक्षा बुडून जास्त मरतात. पान मलूल आणि माती ओली असं दिसलं तर मुळं कुजताहेत असं समजा. मातीवर बारीक काळ्या माश्या उडत असतील तरीही कारण तेच, सतत ओला राहणारा वरचा थर.

स्वयंपाकघरातला कचरा

भोकं पाडलेले दोन डबे घ्या. एक भरत असतो, दुसरा मुरत असतो. भाजीची देठं, साली, चहाचा चोथा असं एक भाग ओलं टाकलं की त्यावर दोन भाग वाळला पाला किंवा कोकोपीट टाका. साली बोटाच्या पेराएवढ्या चिरल्या तर काम निम्म्या वेळात होतं. आठवड्यातून दोनदा हलवा. मूठभर घेऊन जोरात पिळलं की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर कोरडं वाढवा, थेंबच नाही आला तर पाणी शिंपडा. आंबूस वास म्हणजे हवा नाही, अमोनियासारखा उग्र वास म्हणजे ओल्या कचऱ्याच्या मानानं कोरडा पाला कमी पडला. तेलकट, दुधाचं आणि मांसाचं काही टाकू नका. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीच्या वासाचं खत तयार होतं.

बाजार आणि ताट

यादी घरात बसून करू नका. आधी बाग बघा, मग फ्रिज, मग लिहा. तीन दिवसांत मेथी कापायची असेल तर पालेभाजी यादीत येत नाही. कामावर जात असताना पडलेली महिन्याचं एकदम भरायची सवय आता उपयोगाची नाही. आठवड्यातून दोनदा थोडं आणलं तर चालणंही होतं आणि पिशवीही हलकी राहते. दोन्ही हातांत सारखं वजन घ्या, नाहीतर चाकांची पिशवी वापरा. घरी आल्यावर बटाटे अंधारात आणि कांद्यापासून लांब ठेवा. हिरवे पडलेले बटाटे खाऊ नका. पिकलेली केळी, सफरचंदं, टोमॅटो यांच्याजवळ पालेभाजी ठेवली तर त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानं पिवळी पडतात. कोथिंबीर न धुता कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये, टोमॅटो बाहेर.

चार-पाच जणांच्या पातेल्यात दोघांचा स्वयंपाक केला की अन्न उरतंच. पातेलीच लहान घ्या, हा खरा उपाय. तरी उरलं तर पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. भाताला हे विशेष लागू आहे: शिजवूनही न मरणारे बॅसिलस सेरियसचे बीजाणू कोमट भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. भात दुसऱ्या दिवशी संपवा, बाकीचं तीन-चार दिवसांत, आणि गरम करताना मधोमध वाफ येईपर्यंत.

भूक कमी झाली म्हणून चहा-बिस्किटांवर भागवलं की सर्वांत आधी प्रथिनं कमी पडतात. निरोगी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. ती एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळांत विभागून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही, डॉक्टर सांगतील तोच.

बाग बहरली की एक काळजी नक्की घ्या. रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन चालू असेल तर हिरवा पाला एकदम वाढवू नका. त्यातलं के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करतं. पालेभाजी बंद करायची नाही, दर आठवड्याला साधारण सारखीच खायची, आणि बदल करायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगून. इथेही दर आठवड्याला एकच ट्रे पेरण्याची पद्धत कामाला येते. पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल तर पालक आणि टोमॅटो किती घ्यायचे ते विचारून घ्या.

घरातली माणसं

दोघंही दिवसभर घरी असले की एकाच ओट्यावर दोन मतं होतात. वेळा वाटून घ्या. सकाळचं एकाचं, संध्याकाळचं दुसऱ्याचं, आणि ज्याची पाळी त्याचा शब्द. ज्यानं आजवर स्वयंपाक केला नाही त्यानं कोथिंबीर निवडण्यापासून नव्हे, एक पूर्ण पदार्थ शिकण्यापासून सुरुवात करावी. नातवंडं सुट्टीला येणार असतील तर येण्याच्या २० दिवस आधी एका ट्रेमध्ये मुळा पेरा. मोठ्या प्रकारांना दीड महिना लागतो, म्हणून २५ ते ३० दिवसांत तयार होणारा छोटा गोल प्रकार घ्या. बी अडीच सेंटीमीटरवर एक असं टाका आणि रोपं वर आली की एकाआड एक उपटून पाच सेंटीमीटर अंतर ठेवा, नाहीतर पानंच येतात, मुळा धरत नाही. मुलांना पाणी घालायला आवडतं, पण उपटायला त्याहून जास्त.

तुम्हीच मुलांकडे राहायला जाणार असाल तर कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. मधोमध पाण्याची बादली कुंड्यांच्या काठाच्या उंचीवर ठेवा आणि प्रत्येक कुंडीला जाड सुती दोरी द्या; तिचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत सात सेंटीमीटर खोल. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्या, कोरडी दोरी पाणी ओढत नाही. निघण्याच्या तीन दिवस आधी हे लावून रोज बादलीतली पातळी आणि कुंडीतली ओल बघा. माती चिखलासारखी झाली तर बारीक दोरी घ्या, कोरडी राहिली तर आणखी एक दोरी जोडा.