संत्र्याच्या सालीपासून पेक्टिनची फिल्म

नागपुरी संत्र्याची साल सुटी आणि पातळ असते, त्यामुळे आतला पांढरा थर मोसंबीपेक्षा कमी निघतो. पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळांतला पदार्थ, मुख्यतः त्याच थरात असतं; त्याचीच पुड्यांसाठी कागदासारखी पातळ फिल्म करायची आहे. ज्यूसच्या ठेल्यावरून ताजी साल आणा. दोन दिवस पडून बुरशी धरलेली नको, बुरशीची एन्झाइमं पेक्टिन तोडतात.

साल चिरून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि पाणी फेकून द्या. सालीतलं एन्झाइम मरतं, साखर आणि कडवटपणाही बराच उतरतो. मग वाळवून भरडा.

२५ ग्रॅम भरड, ७५० मिली डिस्टिल्ड पाणी, साधारण २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. पीएच (आम्लपणाचं माप) २ च्या आसपास हवा; पीएच पट्टीने तपासा. बोअरचं पाणी घेऊ नका, त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवतं आणि उतारा घटतो. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियम नको. ८५ अंशांवर तासभर ढवळत ठेवा. बहुतेकांचं इथेच बिघडतं: लवकर आटपावं म्हणून खळखळ उकळतात, पेक्टिनच्या साखळ्या तुटतात आणि पुढे फिल्म हातात भुरभुरते.

गरम असतानाच मलमलीतून गाळा, हलकंच पिळा, पूर्ण थंड करा. जेवढा द्राव, त्याच्या दुप्पट आयसोप्रोपिल अल्कोहोल हळूहळू ओता. गॅस, शेगडी, उदबत्ती आधीच विझवा आणि खिडक्या उघडा. तासाभरात शेंबडासारखे गोळे वर येतात, तेच पेक्टिन. कापडात गोळा करून ७० टक्के अल्कोहोलने दोनदा धुवा. आम्ल राहिलं तर फिल्म चिकट होते. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत हवेशीर जागेत आणि नंतर ४५ अंशांवर वाळवा. ३ ते ४ ग्रॅम हाती येईल.

फिल्मसाठी ३ ग्रॅम पेक्टिन १०० मिली कोमट पाण्यात चिमूट-चिमूट टाकत विरघळवा (एकदम टाकलं की गुठळ्या होतात), वर पाऊण मिली ग्लिसरीन. बुडबुडे बसू द्या. वीस सेंमी चौरस, सपाट, कडा असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ओता.

वाळवताना नागपूरचं हवामान मध्ये येतं. मे महिन्यात कूलरसमोर ट्रे ठेवला तर वरचा थर आधी आखडतो आणि तडे जातात. सावलीत, वर सैल कापड टाकून ठेवा. पावसाळ्यात उलट, ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. तेव्हा ते निम्मं करा. ही फिल्म पाण्यात विरघळते, त्यामुळे ओल्या मालाला तिचा उपयोग नाही. कोरडा मसाला, बियाणं यांच्या पुड्यांना चालते.