डाळिंबाच्या सालींचा पिवळा रंग

सुती कापड नैसर्गिक रंग सहजासहजी धरत नाही. खरी मेहनत रंगवण्याआधीचीच. अर्धा किलो कापड धुण्याच्या सोड्यात उकळून त्यातली खळ काढा. मग 100 ग्रॅम हिरडापूड घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवा आणि न धुता सावलीत वाळवा. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, तुरटीला धरून ठेवतं आणि तुरटी रंगाला, म्हणून ही पायरी मी कधीच गाळत नाही. नंतर 75 ग्रॅम तुरटीच्या पाण्यात आणखी एक रात्र. डाळिंबाच्या अर्धा किलो वाळक्या साली पाण्यात तासभर उकळून गाळा, त्यात कापड मंद आचेवर तासभर ठेवा. हळद मात्र टाळा, उन्हात उडते. तुरटीऐवजी मोरचूद (कॉपर सल्फेट) तर नकोच, ते सांडपाण्यातून जाऊन माशांना मारतं.